उघड्या दाराची विद्या

वाईहून पसरणीचा घाट चढून वर आले, की पाचगणी लागते. पाचगणीच्या विस्तीर्ण पठारावर उभे राहिले असता खाली कृष्णेचे खोरे दिसते आणि सभोवती सह्याद्रीच्या खोल दऱ्या पसरलेल्या दिसतात. येथून महाबळेश्वरच्या बाजूस थोड्या अंतरावर भिलार नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावच्या लाल मातीत स्ट्रॉबेरी उत्तम पिकते. परंतु ४ मे २०१७ या दिवसापासून भिलारची कीर्ती एका वेगळ्याच पिकामुळे सर्वत्र पसरली. त्या दिवशी भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले.

गावातील घरे, शाळा, देऊळ अशा सुमारे पंचवीस ठिकाणी मराठी ग्रंथांची कपाटे मांडण्यात आली. कोणीही यावे, ओसरीवर बसावे, हवे ते पुस्तक काढून वाचावे आणि वाचून झाल्यावर जागच्या जागी ठेवावे, अशी तेथील रीत आहे. वाचनाबद्दल पैसे द्यावे लागत नाहीत. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात हे-ऑन-वाय नावाचे ग्रंथांचे गाव आहे. त्यावरून ही कल्पना सुचली. तेथे मुख्यतः पुस्तकांची विक्री चालते. भिलारने मात्र घराचे दारच वाचकांसाठी उघडले.

ज्ञानाचे दार असे उघडे ठेवावे, की त्यास कुलूप लावावे? हा प्रश्न ग्रंथांच्या बाबतीत फार जुना आहे. आज तोच प्रश्न एका नव्या क्षेत्रात उभा राहिला आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकाचे. आपण जी भाषा बोलतो ती संगणकावर नीट उमटेल की नाही, हेही काही अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून हा विषय थोडा समजून घेतला पाहिजे.

संगणक हे यंत्र विलक्षण वेगाने काम करते. परंतु कोणते काम कसे करावयाचे, हे माणसाने त्यास आधी सांगून ठेवावे लागते. अशा क्रमवार सूचनांच्या संचास आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर असे म्हणतात. पत्र लिहिण्याची आज्ञावली वेगळी, चित्र काढण्याची वेगळी, हिशेब मांडण्याची वेगळी. खिशातील मोबाइल फोनसुद्धा अशा शेकडो आज्ञावलींच्या बळावर चालतो.

प्रत्येक आज्ञावलीची दोन रूपे असतात. पहिले रूप माणसाला वाचता येते. जाणकार माणूस ते ओळीओळीने लिहितो, तपासतो व दुरुस्त करतो. यास मूळ संहिता म्हणतात. दुसरे रूप केवळ यंत्रास कळते. ते म्हणजे अंकांची एक लांबच लांब माळ. ती माळ पाहून मूळ सूचना काय होत्या, हे ओळखणे फार कठीण असते.

हा फरक एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. पाचगणीच्या परिसरात स्ट्रॉबेरीचा जॅम तयार होतो. बाजारातून त्याची बाटली आणली तर जॅम खाता येतो. परंतु साखर किती घातली, आच किती वेळ दिली, लिंबाचा रस केव्हा पिळला, हे बाटलीकडे पाहून सांगता येत नाही. याउलट, आजीने वहीत लिहून ठेवलेली जॅमची कृती हाती असली, तर जॅम करता येतो, साखर कमी करून पाहता येते आणि जमलेली कृती शेजारच्या काकूंनाही देता येते. यंत्राचे रूप म्हणजे बाटली आणि मूळ संहिता म्हणजे आजीची वही, असे समजावयास हरकत नाही.

काही संस्था ग्राहकाला केवळ बाटली देतात व वही कुलपात ठेवतात. काही जण बाटलीबरोबर वहीही देतात. ज्या आज्ञावलीची वही सर्वांना खुली असते, तिला मुक्त आज्ञावली किंवा ‘ओपन सोर्स’ असे म्हणतात.

संगणकाच्या प्रारंभीच्या काळात अशा वह्या विद्यापीठांतून सहज हातोहात जात असत. पुढे त्यांना कुलपे लागू लागली. त्या काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तरुण संशोधक काम करीत असत. प्रयोगशाळेतील छपाईचे यंत्र एका मजल्यावर आणि ते वापरणारी मंडळी दुसऱ्या मजल्यांवर, अशी स्थिती होती. यंत्रात कागद अडकला, की काम खोळंबे. आणि ते कोणाच्या लक्षातही येत नसे. जुन्या यंत्राची मूळ संहिता हाती असल्यामुळे तेथील लोकांनी तीत थोडा बदल केला होता. कागद अडकताच वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर तशी सूचना झळके आणि कोणीतरी उठून कागद मोकळा करी.

सुमारे १९८० साली तेथे नवे, अधिक वेगवान यंत्र आले. परंतु त्याबरोबर मूळ संहिता आली नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातील एका संशोधकाजवळ ती होती. स्टॉलमन यांनी ती मागितली. “ती कोणास देणार नाही, असे मी लिहून दिले आहे,” या अर्थाचे उत्तर मिळाले. दुरुस्ती कशी करावयाची हे ठाऊक असूनही ती करता येईना. आपण वचनाने बांधले गेलो, तर शेजाऱ्याला साहाय्य करणे हाच अपराध ठरेल, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला फार लागली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ नावाचा एक प्रकल्प जाहीर केला. संगणक चालविण्यास लागणाऱ्या सर्व आज्ञावली नव्याने लिहावयाच्या आणि त्या सर्वांसाठी खुल्या ठेवावयाच्या, असा त्यांचा संकल्प होता.

या विचारातून चार हक्क पुढे आले. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरण्याचा हक्क हा पहिला. ती कशी चालते हे वाचून शिकण्याचा हक्क हा दुसरा. तिच्या प्रती इतरांना देण्याचा हक्क हा तिसरा. आणि तीत सुधारणा करून ती सुधारलेली प्रत लोकांना देण्याचा हक्क हा चौथा. हे हक्क टिकावेत म्हणून १९८९ साली एक परवाना तयार करण्यात आला. त्यातील मुख्य अट मोठी मार्मिक आहे. जो कोणी अशी आज्ञावली सुधारून इतरांना देईल, त्याने ती पुढच्यालाही त्याच हक्कांसह दिली पाहिजे. स्वतः उघड्या दाराने आत यावयाचे आणि आपल्यामागे दार लावून घ्यावयाचे, असे चालणार नाही, हाच त्या अटीचा अर्थ.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजीत ‘मोकळा’ आणि ‘विनामूल्य’ या दोन्ही अर्थांनी एकच शब्द वापरला जातो. त्यामुळे तेथे पुष्कळ घोटाळा होतो. मराठीत सुदैवाने ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन निराळे शब्द आहेत. मुक्त आज्ञावली बहुधा फुकट मिळते, हे खरे. परंतु तिची खरी ओळख फुकटपणात नसून मोकळेपणात आहे. उलट फुकट मिळणाऱ्या कित्येक आज्ञावलींची वही कुलपातच असते.

आता एका विद्यार्थ्याची गोष्ट. १९९१ साली फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने आपल्या संगणकासाठी हौसेने एक आज्ञावली लिहावयास घेतली. संगणकाच्या निरनिराळ्या भागांकडून काम करवून घेणारा हा गाभा होता. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात त्याने इतर संगणकप्रेमींना आपल्या या उद्योगाची वार्ता कळविली आणि त्यांच्या सूचना मागितल्या. पुढच्या वर्षी त्याने आपले काम स्टॉलमन यांच्या परवान्याखाली खुले केले. कोणी चूक दाखविली, कोणी नवा भाग जोडला, कोणी जुना भाग नीट केला. ही आज्ञावली म्हणजेच लिनक्स.

आज अँड्रॉइड पद्धतीच्या प्रत्येक मोबाइल फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे. जगातील पाचशे सर्वांत शक्तिमान महासंगणकांची यादी दर वर्षी दोनदा प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील सर्वच्या सर्व महासंगणक लिनक्सवर चालत आले आहेत. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. याच संस्थेच्या ‘परम सिद्धि’ या महासंगणकाने नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत त्रेसष्टावे स्थान मिळविले. म्हणजे एका विद्यार्थ्याने हौसेने लावलेल्या रोपाची सावली पुण्यापर्यंत येऊन पोहोचली, असे म्हणता येईल.

एवढे वाचल्यावर एखाद्याच्या मनात शंका येईल, की हे सारे ठीक. परंतु पाचगणीच्या किंवा पलूसच्या शाळेतील मुलाचा याच्याशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे आणि तो आपल्या भाषेतून येतो.

संगणकास अक्षरे कळत नाहीत. त्यास केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षरास एकेक क्रमांक द्यावा लागतो. पूर्वी मराठी अक्षरांना निरनिराळे लोक आपापल्या सोयीने निरनिराळे क्रमांक देत. त्यामुळे वाईत लिहिलेले पत्र साताऱ्याच्या संगणकावर उघडले, की काही वेळा त्याची अक्षरे विस्कटून जात आणि अर्थहीन खुणांची रांग समोर येई. पुढे १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. भारतात १९८८ साली तयार झालेल्या संकेताचा आधार घेऊन तीत देवनागरीस जागा देण्यात आली. त्यानुसार ‘अ’ चा क्रमांक २३०९ आणि आपल्या लाडक्या ‘ळ’ चा क्रमांक २३५५ ठरला. हे क्रमांक कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. कोणीही ते वापरू शकतो. म्हणूनच आज साताऱ्यात लिहिलेला मराठी मजकूर सिंगापुरातही तसाच वाचता येतो.

परंतु क्रमांक म्हणजे अक्षराचे रूप नव्हे. पडद्यावर अक्षर कसे दिसावे, हे अक्षरसंच, म्हणजेच फाँट, ठरवितो. येथे मराठीची स्वतःची अशी काही वळणे आहेत. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहिण्याची रीत आहे; महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या लिपीविषयक निर्णयातही ती सांगितली आहे. हिंदीतील वळणे वेगळी आहेत. दोन्ही सुंदर आहेत. परंतु ज्याची त्यास मिळाली पाहिजेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रकाराची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. उच्चारात आघाताचा भेद आहे आणि लेखनात रकाराच्या रूपाचा. ज्या आज्ञावलीस किंवा अक्षरसंचास हा भेद शिकविलेला नाही, तीत “पाचगणीभोवती खोल दऱ्या आहेत” असे लिहावयास गेले तर सह्याद्रीच्या माथ्यावरील या गावाभोवती समुद्र पसरावयाचा! ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांची गल्लत झाली, तर गुरुजींचा निरोप स्वयंपाक्याच्या हाती पडावयाचा. ही चूक वरवर हसू आणणारी आहे. परंतु जी भाषा यंत्रात नीट लिहिता येत नाही, ती यंत्रावर लिहिणे लोक हळूहळू सोडून देतात. या चुकीची खरी किंमत ही आहे.

आता अशी चूक सुधारावयाची कोणी? आज्ञावलीची वही कुलपात असेल, तर मराठी माणसाला अर्ज करून वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नसतो. दूरदेशीच्या कचेरीत मराठीचा क्रम केव्हा लागेल, हे सांगता येत नाही. परंतु वही उघडी असेल, तर ज्याला भाषा आणि यंत्र दोन्ही कळतात असा कोणीही ती चूक स्वतः सुधारू शकतो. आणि एकाने केलेली सुधारणा सर्वांच्या उपयोगी पडते. ‘लोहित’ हा भारतीय लिपींचा अक्षरसंच असाच खुला आहे. मुंबईतील एक टाइप या अक्षरकारांच्या संस्थेने घडविलेला देवनागरी अक्षरसंच तर नावानेच ‘मुक्ता’ आहे. लिबरऑफिस ही लेखनाची आणि हिशेबाची आज्ञावली, फायरफॉक्स हा जाळे धुंडाळण्याचा न्याहाळक, यांची मराठी रूपे उपलब्ध आहेत. त्यांतील प्रत्येक सूचना कोणीतरी परिश्रमपूर्वक मराठीत आणली आहे. असे काम करणाऱ्यांत हौसेने वेळ देणारे पुष्कळ असतात. त्यांची नावे आपल्याला बहुधा ठाऊकही नसतात.

मराठी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचा प्रारंभही १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, झाला. ज्या आज्ञावलीवर तो चालतो ती खुली आहे आणि त्यातील लेखही सर्वांना वाचण्यास, सुधारण्यास खुले आहेत. मुंबईच्या आयआयटीने मुक्त आज्ञावली शिकविणारे लहान लहान दृक्श्राव्य पाठ तयार केले आहेत. त्यांतील पुष्कळ पाठ मराठीतही आहेत. ज्याला शिकावयाचे आहे त्याच्यासाठी दार उघडे आहे.

मग वही कुलपात ठेवणारे सारे चुकतात काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. आज्ञावली लिहिणे हे कष्टाचे काम आहे. त्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांनी आपली कृती राखून ठेवली तर त्यात गैर काही नाही. बंद आज्ञावलींतही उत्तम व उपयुक्त अशा पुष्कळ आहेत. शिवाय मुक्त आज्ञावलीलाही तिच्या अडचणी आहेतच.

गावच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्व जण भरतात. परंतु गाळ काढण्याचा दिवस आला, की माणसे मोजकीच दिसतात. मुक्त आज्ञावलींचेही पुष्कळदा तसेच होते. कोट्यवधी लोक वापरतात आणि सांभाळणारे दोघे-चौघेच असतात. मार्च २०२४ मध्ये याचा फार मोठा अनुभव आला. माहिती दाबून लहान करणारे ‘एक्स-झेड’ नावाचे एक खुले साधन आहे. त्याचा भार मुख्यतः एकच माणूस, तोही विनावेतन, वाहत होता. तो थकला असता एका अनोळखी व्यक्तीने साहाय्याचा हात पुढे केला. दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्या व्यक्तीने विश्वास संपादन केला. आणि मग त्या साधनात एक चोरवाट दडवून ठेवली. ती सर्वत्र पसरली असती, तर असंख्य संगणकांत परक्यांना गुपचूप शिरता आले असते.

ती उघडकीस आली एका अभियंत्याच्या चौकसपणामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे त्यांचे नाव. एका संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्यांच्या ध्यानी आले. दुसऱ्या कोणी त्याकडे दुर्लक्ष केले असते. त्यांनी मात्र हा अर्धा सेकंद जातो कोठे, याचा माग काढला. साधन खुले असल्यामुळे त्याच्या आत शिरून पाहता आले, आणि चोरवाट सापडली. त्यांनी ती लगेच जाहीर केली व मोठे संकट टळले. या प्रसंगातून दोन गोष्टी शिकावयाच्या. दार उघडे असले म्हणजे चांगल्याबरोबर वाईटही आत येऊ शकते, ही एक. आणि दार उघडे असले म्हणजे जागरूक माणसालाही आत डोकावून पाहता येते, ही दुसरी. नुसते उघडे दार घराचे रक्षण करीत नाही. त्या घराची काळजी वाहणारी माणसे लागतात.

मुक्त आज्ञावलीचे खरे बळ अशा माणसांत आहे. त्यासाठी प्रत्येकाने संगणकतज्ज्ञ झाले पाहिजे, असे नाही. मराठी शब्द चुकीचा उमटला तर तो नेमका कोठे चुकला, हे संबंधितांस नीट लिहून कळविणे, एखाद्या सूचनेचे सुबोध मराठी रूप सुचविणे, ज्ञानकोशातील आपल्या गावावरील लेखात खात्रीची माहिती भरणे, ही कामे शुद्धलेखन आणि चिकाटी असलेला कोणताही विद्यार्थी मोठ्यांच्या मार्गदर्शनाखाली करू शकेल. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद मराठी मुलाला जितका सहज कळतो, तितका दूरदेशीच्या निष्णात अभियंत्यालाही कळणार नाही.

भिलारच्या एखाद्या ओसरीवर वाचीत बसलेला मुलगा सायंकाळी उठतो, पुस्तकाचे दुमडलेले पान सरळ करतो आणि ते कपाटात जागच्या जागी ठेवतो. कोणी त्याच्यावर पहारा करीत नाही. परंतु उद्या दुसरे कोणी हे पुस्तक शोधीत येईल, हे त्याला ठाऊक असते. उघड्या दाराची विद्या अशा मुलांच्या हाती सुरक्षित असते.